हिरवळीवरील कापलेले गवत

हिरवळीवरील कापलेले गवत : हिरवळ (लॉन) कापताना निघणारे गवताच्या पात्यांचे तुकडे उचलून न नेता जागीच कुजू देणे, ही जमिनीची सुपीकता टिकविण्याची एक साधी पद्धत होय. तिचा इतिहास मात्र सरळ नाही. कापलेले गवत सतत नेल्याने जमीन निकस होते, हे एकोणिसाव्या शतकातच प्रयोगाने दिसून आले होते. परंतु बागांच्या व्यवहारात त्या ज्ञानाचा स्वीकार होण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली आणि तोही मुख्यतः शहरी कचऱ्याच्या प्रश्नामुळे झाला.

यंत्र येण्यापूर्वी इंग्लंडमधील जमीनदारांच्या प्रासादांभोवतालची हिरवळ लांब दांड्याच्या विळ्याने कापीत. दवाने ओले झालेले गवत पात्याखाली चांगले सापडते, म्हणून हे काम भल्या पहाटे चाले आणि कापणाऱ्यांच्या मागोमाग गवत झाडून गोळा केले जाई. ग्लॉस्टरशर परगण्यात स्ट्राउडजवळील थ्रप येथे एडविन बिअर्ड बडिंग (१७९६–१८४६) यांनी १८३० मध्ये हिरवळ कापण्याच्या यंत्राचे एकस्व (पेटंट) घेतले. लोकरी कापडावरील लव कातरणाऱ्या गिरणीतील यंत्रावरून त्यांना ही कल्पना सुचली होती. फिरत्या दंडगोलावरील पाती गवत कातरून पुढे बसविलेल्या उथळ पेटीत टाकीत. गवत गोळा करण्याची ही पेटी पुढील अनेक यंत्रांत कायम राहिली. मोकळी, झाडून काढल्यासारखी हिरवळ म्हणजेच निगा राखलेली हिरवळ, ही समजूत दृढ होण्यास या पेटीचाही हातभार लागला, असे म्हणण्यास हरकत नाही.

याच काळात हार्टफर्डशर परगण्यातील रॉथॅमस्टेड येथे जॉन बेनेट लॉझ (१८१४–१९००) व जोसेफ हेन्री गिल्बर्ट (१८१७–१९०१) यांनी १८५६ मध्ये ‘पार्क ग्रास’ हा प्रयोग सुरू केला. कायम गवताखालील जमिनीवरील हा जगातील सर्वांत दीर्घकाळ चाललेला प्रयोग असून तो अद्याप चालू आहे. जुन्या कुरणाचे तुकडे पाडून प्रत्येकास निराळे खत देतात किंवा मुळीच देत नाहीत आणि दरवर्षी गवत कापून, वाळवून नेतात. प्रारंभीची वर्षे दुसऱ्या फुटव्यावर मेंढ्या चारीत, त्यामुळे काही अन्नद्रव्ये लेंड्यांवाटे जमिनीस परत मिळत. १८७५ पासून ही दुसरी कापणीही नेली जाऊ लागली. खत न मिळालेल्या तुकड्यांतील उत्पादन तुटपुंजे राहिले. नायट्रोजन दिला पण पोटॅशियम दिले नाही, अशा ठिकाणी गवताबरोबर जाणाऱ्या पोटॅशियमची तूट जाणवू लागली. येथील आणखी एक निष्कर्ष हिरवळीच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. वर्षानुवर्षे अमोनियम सल्फेट दिलेल्या व चुना न दिलेल्या तुकड्यांत माती तीव्र अम्लीय झाली, गांडुळे नाहीशी झाली आणि मृत गवत न कुजता त्याचा चटईसारखा थर साचत गेला. केवळ गवत जागेवर ठेवून भागत नाही, ते मातीत मिसळणारे जीवही लागतात, हे यावरून स्पष्ट होते.

गांडुळांचे हे कार्य चार्ल्स डार्विन (१८०९–८२) यांनी १८८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सविस्तर मांडले होते. तरीही हिरवळीचे रक्षक गांडुळांना शत्रूच मानीत. कारण त्यांच्या विष्ठेच्या ढिगाऱ्यांनी गोल्फच्या मैदानाचा सपाटपणा बिघडतो. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटन व अमेरिकेतील मैदानांवर गांडुळे मारण्यासाठी भारतातून जाणारी मोहाची पेंड वापरीत. मोहाच्या बियांचे तेल काढल्यावर उरणाऱ्या या पेंडीत सॅपोनीन हे विषारी द्रव्य असते. हिचा भुगा पसरून पाणी दिले, की गांडुळे वर येऊन मरत. पुढे लेड आर्सेनेटासारखी अधिक घातक रसायनेही आली. अशा रीतीने एकीकडे गवत उचलायचे, दुसरीकडे ते कुजविणारे जीव मारायचे आणि मग उणीव भरून काढण्यासाठी खत विकत आणायचे, असा हा विलक्षण व्यवहार होता.

कापलेल्या गवतामुळे हिरवळीच्या बुडाशी मृत काडीकचऱ्याचा घट्ट थर साचतो, हा एक जुना आक्षेप होय. तथापि हा थर मुख्यतः लिग्निनयुक्त खोडे, भूमिगत फांद्या व मुळे यांचा बनतो, असे संशोधनात आढळून आले. पात्यांच्या तुकड्यांत पाणीच सु. ७५ ते ८० टक्के असते व ते लवकर कुजतात. त्यांच्या कोरड्या वजनात सु. ४ टक्के नायट्रोजन, २ ते ३ टक्के पोटॅशियम व अर्ध्या टक्क्याच्या आसपास फॉस्फरस असतो. कनेक्टिकट राज्यातील प्रयोगांवर आधारित २००२ सालच्या एका अभ्यासात, गवत जागेवर ठेवल्यास नायट्रोजनयुक्त खत निम्म्याने किंवा अधिकही कमी करून हिरवळीचा दर्जा टिकतो, असे दिसून आले.

व्यवहारातील बदल घडवून आणला तो कचराभूमींनी. अमेरिकेत १९९० मध्ये बागांतील पालापाचोळा व गवत यांचे वजन सु. ३.५ कोटी टन, म्हणजे नागरी घनकचऱ्याच्या सु. सहावा हिस्सा होते. इलिनॉय राज्याने १९९० मध्ये व विस्कॉन्सिनने १९९३ मध्ये असा कचरा कचराभूमीत टाकण्यास बंदी घातली. टेक्ससमधील कृषिविस्तार सेवेने गवत पिशवीत न भरण्याविषयी मोहीम चालविली. पात्यांचे बारीक तुकडे करून ते पुन्हा हिरवळीत सोडणारी यंत्रेही याच सुमारास लोकप्रिय झाली. एका वेळी पात्याच्या उंचीचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग कापू नये व गवत कोरडे असताना कापावे, एवढी दक्षता घेतली म्हणजे तुकड्यांचे ढीग साचत नाहीत.

गोल्फच्या छिद्राभोवतालच्या अतिबारीक कापलेल्या हिरवळीवरून मात्र तुकडे नेले जातात, कारण चेंडूची गती त्यांमुळे बदलते. रानफुलांची कुरणे जोपासणारेही कापलेले गवत हेतुपुरस्सर उचलून नेतात; जमीन निकस राहिली, तरच जोमदार गवतांचा जोर ओसरून नाजूक फुलझाडांना वाव मिळतो. रॉथॅमस्टेडच्या खत न दिलेल्या तुकड्यांतही वनस्पतींच्या जातींची विविधता सर्वाधिक आढळते.