मारुती ८०० : पंधरा वर्षांची गाडी बंद होते का?

वाशिममध्ये एखादी जुनी मारुती ८०० उभी दिसली, तर आधी तिची नंबर प्लेट वाचा. एमएच-३० असेल, तर गाडी एक तर अकोल्याहून आलेली आहे, नाहीतर वाशिम जिल्हा व्हायच्या आधीची आहे. १ जुलै १९९८ ला आपण अकोल्यापासून वेगळे झालो आणि आपल्या वाट्याला एमएच-३७ आलं. आमच्या घरची गाडी एमएच-३७ चीच, डिसेंबर २००५ ची. गेल्या डिसेंबरात तिला वीस वर्षं झाली आणि घरात प्रश्न उभा राहिला : पासिंग करायची की भंगारात द्यायची? आजचा भाग या प्रश्नामागच्या इतिहासावर.

संजय गांधींनी १९७१ मध्ये ‘मारुती लिमिटेड’ सुरू केली ती सामान्य माणसाला परवडेल अशी गाडी बनवायला. ती गाडी काही बाजारात आली नाही आणि कंपनी बुडाली. १९८० मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली, १९८१ मध्ये मारुती उद्योग उभी राहिली आणि १९८२ मध्ये जपानच्या सुझुकीशी करार झाला. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी पहिल्या गाडीची किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हातात दिली. किंमत होती पन्नास हजारांच्या आसपास.

तेव्हा आपल्याकडे गाडी म्हणजे ॲम्बेसेडर, नाहीतर पद्मिनी. त्यांच्या शेजारी ही खेळण्यासारखी दिसायची : बारा इंची चाकं, साडेसहाशे किलोच्या आसपास वजन, ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन. पण लहान गावात ती टिकली ती याच साधेपणामुळे. कार्ब्युरेटर खोलून पेट्रोलने धुतला की गाडी पुन्हा चालू. पुढे २००० च्या सुमारास एमपीएफआय आलं, तरी बाकी गाडी जवळपास तीच राहिली. त्यामुळे एका गाडीवर हात बसलेला मेकॅनिक पुढची वीस वर्षं तिच्या सगळ्या बहिणी दुरुस्त करू शकला.

एप्रिल २०१० मध्ये देशातल्या १३ शहरांत बीएस-४ लागू झालं. कंपनीने ८०० त्या नियमात बसवली नाही, म्हणून मुंबई, पुणे, सोलापुरात तिची विक्री थांबली. वाशिमसारख्या ठिकाणी ती आणखी काही वर्षं मिळत राहिली. १८ जानेवारी २०१४ ला उत्पादनच बंद झालं. तोवर देशात २५ लाखांहून जास्त गाड्या विकल्या गेल्या होत्या.

आता कायद्याकडे येऊ. पारावर कोणीही सांगेल, ‘पंधरा वर्षं झाली की गाडी बंद.’ तसं नाहीये. पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचा जो विषय आपण बातम्यांत ऐकतो, तो दिल्ली-एनसीआरचा. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते आणि नंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. वाढत गेली ती फी. २०२० मध्ये आम्ही पहिल्यांदा नूतनीकरण केलं तेव्हा फी होती ६०० रुपये. १ एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या कारला १०,०००. शिवाय राज्याचा पर्यावरण कर, इन्शुरन्स आणि एचएसआरपी प्लेट वेगळी.

सरकारचं म्हणणं अगदीच चूक नाही. जुनी गाडी जास्त धूर सोडते आणि आमच्या गाडीत एअरबॅग नाही, हे मला माहीत आहे. पण ही फी गाडीचं वय मोजते, ती किती चालली ते मोजत नाही. आमच्या मीटरवर अजून लाखही झालेला नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. जुनी सिस्टीम बंद करायची का, यावर आमच्याकडे मीटिंगा होतात, आणि तिथे पहिला प्रश्न असतो : तिच्यावर कोण अवलंबून आहे?

इथे उत्तर सोपं होतं. मी पुण्यात, आई-बाबा वाशिमला. आईला डोळे दाखवायला अकोल्याला न्यावं लागतं, म्हणजे ऐंशीएक किलोमीटर. मी म्हणालो, नवीन गाडी घेऊ, हप्ता मी भरतो. बाबा म्हणाले, “दहा हजारात पाच वर्षं, म्हणजे वर्षाला दोन हजार पडले. एवढ्यात कोणती गाडी देतं रे कोणी?”

मग पासिंगच केली. ई-२० पेट्रोलमुळे रबरी पाइप बदलून घेतले, ब्रेक नवे टाकले. समृद्धी महामार्ग आपल्याच जिल्ह्यातून जातो, पण तिथे १२० ची मर्यादा. त्या गर्दीत बाबा तिला घालत नाहीत, जुन्या रस्त्यानेच जातात. आरसीवर आता डिसेंबर २०३० आहे.

तुमच्या घरी आठशे असेल, तर आज आरसी काढून तारीख बघून ठेवा. मुदत संपल्यावर धावपळ करण्यापेक्षा ते बरं. भेटू पुढच्या भागात.