गाडीची वही कुणाच्या हातात?



गटाच्या बैठकीत हप्त्यावरून वाद झाला की आपण काय म्हणतो? "वही काढा." एक म्हणते मी पैसे भरले, दुसरी म्हणते भरलेच नाहीत, आणि वही असते सचिवबाईंच्या कपाटात. वाद तिथेच अडतो. वहीत काय लिहिलंय ते पुढचं. ती कुणाकडे आहे, कुणाला वाचता येते आणि लिहिली कुणी, इथूनच सगळं सुरू होतं.

आज अशाच एका वहीचा इतिहास सांगते. ही वही मोटारगाडीच्या पोटात असते. गोष्ट बरीचशी अमेरिकेतली आहे आणि शेवटी थोडी चीनमधली. तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? ऐका तर खरं.

गाडी चालवताना ॲक्सिलरेटर दाबला की वेग वाढतो, ब्रेक दाबला की गाडी थांबते. पण कधी कधी चालवणारा माणूस शपथेवर सांगतो, "मी ब्रेकच दाबला होता, तरी गाडी आपोआप सुसाट सुटली." कंपनी म्हणते, "तुमचा पाय चुकून ॲक्सिलरेटरवर पडला." दोघांपैकी खरं कोण? गेली चाळीस वर्षं हा वाद चालू आहे, आणि त्यात माणसांचे जीव गेलेत.

पहिलं मोठं प्रकरण जर्मनीच्या ऑडी कंपनीचं. १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या 'सिक्स्टी मिनिट्स' या टीव्ही कार्यक्रमाने ऑडी ५००० या गाडीवर एक भाग दाखवला. गिअरचा दांडा हलवताच गाडी उसळून पुढे जाते, अशा तक्रारी होत्या. त्यात एक आई होती. घराशी गाडी लावताना ती अचानक सुटली आणि तिचा सहा वर्षांचा मुलगा गाडीखाली गेला. ती आई म्हणत होती, माझा पाय ब्रेकवर होता. आपल्याच लेकराच्या मरणाबद्दल जिला जगापुढे खुलासा करावा लागला, तिचं काय झालं असेल याचा विचार करा. कार्यक्रमवाल्यांचंही चुकलं. एका तज्ज्ञाने गाडीत मुद्दाम फेरफार करून, बाहेरून दाब देऊन पेडल आपोआप खाली जातं असं दाखवलं होतं, आणि प्रेक्षकांना हे नीट सांगितलं गेलं नाही.

१९८९ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याने निष्कर्ष काढला की बहुतेक वेळा पाय चुकीच्या पेडलवर पडला होता. इंजिनाच्या एका भागातल्या बिघाडाने गाडीला हलका झटका बसायचा, चालवणारा दचकायचा आणि पाय चुकायचा, असंही त्यात होतं. म्हणजे बघा, चूक पायाची, पण पाय दचकवला कुणी? कंपनीने तोवर एक उपाय करून टाकला होता. ब्रेकवर पाय दाबून ठेवल्याशिवाय 'पार्किंग'मधून गिअर निघणारच नाही, अशी खिटी बसवली. क्लच नसलेल्या गाड्यांत आज ती सगळीकडे असते. दोष कुणाचा हे ठरायची वाट बघितली असती तर आणखी पोरं गेली असती.

पण त्या काळात गाडीला वहीच नव्हती. आईचा शब्द एका बाजूला, कंपनीचा शब्द दुसऱ्या बाजूला.

पुढे गाड्या बदलल्या. पूर्वी ॲक्सिलरेटरपासून इंजिनापर्यंत तारेची केबल असायची. नंतर बऱ्याच गाड्यांत केबल गेली. पाय किती दाबला ते सेन्सर मोजतो, छोटा संगणक ते वाचतो आणि इंजिनाला हुकूम देतो. एअरबॅग आल्या, आणि त्या कधी फुगवायच्या हे ठरवणाऱ्या डब्यात टक्कर होण्याआधीच्या काही सेकंदांची नोंद राहू लागली. वेग किती होता, ब्रेक दाबला होता का, ॲक्सिलरेटर किती दाबला होता, वगैरे. हीच गाडीची वही. विमानातल्यासारखी काळी पेटी म्हणा, फक्त खूपच लहान.

आता एका माणसाची गोष्ट, जी मला फार लागली. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात सेंट पॉल नावाचं शहर आहे. तिथे आग्नेय आशियातून आलेल्या ह्मोंग समाजाची मोठी वस्ती आहे. त्या समाजातला एक तरुण जून २००६ मध्ये चर्चमधून घरी चालला होता. गाडीत गरोदर बायको, लहान मुलगी, वडील, भाऊ. गाडी १९९६ सालची टोयोटा कॅम्री. मोठ्या रस्त्यावरून उतरताना ती थांबेना, पुढच्या गाडीवर जोरात आदळली. त्या गाडीतल्या तिघांचा जीव गेला. हा सारखा सांगत होता, मी ब्रेक दाबत होतो. कुणी ऐकलं नाही. त्याच्या स्वतःच्या वकिलानेही कोर्टात सांगितलं की पाय चुकला असावा. आठ वर्षांची शिक्षा झाली. गाडी जुनी, तिला वही नाही. आणि माणूस परदेशातून आलेला, गरीब.

तो तुरुंगात असताना बाहेर वेगळंच घडलं. ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळ एक महामार्ग पोलीस अधिकारी, कामावर नसताना, बायको, मुलगी आणि मेव्हण्याबरोबर लेक्सस गाडीतून चालला होता. लेक्सस ही टोयोटाचीच महागडी गाडी. मेव्हण्याने आपत्कालीन नंबरला फोन केला की ॲक्सिलरेटर अडकलाय, ब्रेक लागत नाही. तो कॉल चालू असतानाच चौघे गेले. पायाखालची दुसऱ्याच मॉडेलची जाड रबरी चटई पेडलवर अडकली होती, असं तपासात निघालं. पण आता बोट दाखवायला शिकाऊ किंवा घाबरट ड्रायव्हर नव्हता, पोलीस होता. मग देश हादरला. चटईपायी सुमारे ३८ लाख आणि चिकटणाऱ्या पेडलपायी आणखी २३ लाख गाड्यांसाठी कंपनीला दुरुस्ती जाहीर करावी लागली.

(मध्येच एक कामाची गोष्ट. गाडी अशी सुटलीच तर ब्रेक दोन्ही पायांनी घट्ट दाबून धरायचा, सारखा सोडायचा-दाबायचा नाही, आणि गिअर न्यूट्रलला टाकायचा. इंजिन ओरडेल, ओरडू द्या. गाडी बाजूला थांबली की मग चावी बंद. चालवत नसलात तरी लक्षात ठेवा, शेजारी बसलेलीने सांगितलं तरी उपयोग होतो.)

फेब्रुवारी २०१० मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे टेनेसी राज्यातली एक बाई रडत बोलली. तिची लेक्सस २००६ मध्ये ताशी १६० किलोमीटरपर्यंत पळाली होती. गिअर, ब्रेक सगळं करून झालं, मग तिने नवऱ्याला फोन लावला, शेवटचा एकदा आवाज ऐकावा म्हणून. गाडी पुढे आपोआप मंदावली. तीच गाडी नंतर दुसऱ्यांनी घेतली, त्यांना काही त्रास झाला नाही. खोटं कोण बोलत होतं? बहुधा कुणीच नाही. पण जो बिघाड एकदा येतो आणि खूण न ठेवता जातो, तो सिद्ध कसा करायचा?

मग सगळ्यांना वही आठवली. आणि कळलं काय, तर टोयोटाच्या त्या पेट्या वाचू शकणारा लॅपटॉप तेव्हा अख्ख्या अमेरिकेत एकच होता, तोही कंपनीकडे! गाडी तुमची, पैसे तुमचे, अपघात तुमचा, आणि वही उघडायची तर कंपनीच्या दारात. बोंबाबोंब झाल्यावर सरकारी खात्याला वाचायची यंत्रं मिळाली. खात्याने ५८ गाड्यांच्या नोंदी वाचल्या. त्यातल्या ३५ मध्ये ब्रेक दाबल्याची नोंदच नव्हती. अंतराळ संशोधन करणाऱ्या नासाच्या तज्ज्ञांनी दहा महिने तपासलं. फेब्रुवारी २०११ मध्ये जाहीर झालं की इलेक्ट्रॉनिक बिघाडाचा पुरावा सापडला नाही.

म्हणजे कंपनी सुटली? नाही. ओक्लाहोमा राज्यात २००७ मध्ये दोन वयस्क मैत्रिणी कॅम्रीतून जात होत्या. गाडी सुटली, शेजारी बसलेली गेली, चालवणारी जबर जखमी झाली. तिचे ब्रेक लागले होते याच्या घासलेल्या खुणा रस्त्यावर लांबपर्यंत होत्या. खटल्यात मायकल बार या सॉफ्टवेअर तज्ज्ञाला गाडीच्या संगणकाचा मूळ प्रोग्रॅम वाचायची परवानगी मिळाली. कशी? पहारा असलेली बंद खोली. फोन नाही, इंटरनेट नाही, कागद बाहेर न्यायचा नाही. अशा खोलीत कित्येक महिने घालवून त्याने साक्ष दिली की प्रोग्रॅममधलं एक काम बंद पडलं तर पाय काढला तरी इंजिन वेग सोडत नाही, आणि त्या वेळी ब्रेकची नोंदही चुकू शकते. वही लिहिणारा आणि ज्याच्यावर आरोप तो, दोघे एकच निघाले. ऑक्टोबर २०१३ मध्ये ज्यूरीने त्या बाईंना आणि मैत्रिणीच्या कुटुंबाला प्रत्येकी १५ लाख डॉलर मंजूर केले. पेडल आणि चटईबद्दल ग्राहकांची दिशाभूल केल्यापायी मार्च २०१४ मध्ये कंपनीने सरकारला १२० कोटी डॉलर दंड भरायचं कबूल केलं.

आणि सेंट पॉलचा तो तरुण? बातम्या वाचून तशाच जुन्या टोयोटांचे मालक पुढे आले, म्हणाले आमचीही गाडी अशी सुटली होती. ज्यांची माणसं गेली त्या कुटुंबानेही त्याला सोडा म्हणून सांगितलं. सुमारे अडीच वर्षं तुरुंगात काढून तो ऑगस्ट २०१० मध्ये घरी आला. २०१५ मध्ये ज्यूरीने ६० टक्के दोष कंपनीचा ठरवला. त्याच्याही माथी ४० टक्के ठेवलेच.

कायदा हळूहळू चालला. २०१२ च्या सप्टेंबरपासून बनणाऱ्या गाड्यांत अशी पेटी असेल तर ठरावीक गोष्टी नोंदायच्या आणि ती वाचायचं यंत्र बाजारात मिळालं पाहिजे, असा अमेरिकेत नियम लागू झाला. डिसेंबर २०१५ च्या कायद्याने म्हटलं की ही नोंद गाडीच्या मालकाची. त्याची संमती किंवा कोर्टाचा हुकूम असे थोडे अपवाद सोडले तर ती कुणी काढायची नाही. आणि टकरीआधीची नोंद पाचऐवजी वीस सेकंदांची असावी, असा नियम २०२४ च्या डिसेंबरमध्ये झाला. पाच सेकंदांत काय कळणार, हो? भांडणसुद्धा पाच सेकंदांत सुरू होत नाही.

आता चीन. फेब्रुवारी २०२१ मध्ये हनान प्रांतात एका बाईच्या टेस्ला गाडीला अपघात झाला. वडील चालवत होते. ब्रेक लागले नाहीत, असं कुटुंबाचं म्हणणं. तिने अपघाताआधीच्या अर्ध्या तासाची पूर्ण नोंद मागितली. आजच्या अशा गाड्यांची वही गाडीतच राहत नाही, इंटरनेटवरून कंपनीकडेही जाते. नोंद मिळेना. १९ एप्रिलला शांघायच्या मोटार प्रदर्शनात 'ब्रेक निकामी' लिहिलेला पांढरा शर्ट घालून ती प्रदर्शनातल्या टेस्लाच्या टपावर चढली आणि ओरडू लागली. पोलिसांनी पाच दिवस कोठडीत ठेवलं. पण व्हिडिओ देशभर गेला आणि सरकारी बाजार नियंत्रण खात्याने कंपनीला नोंद द्यायला सांगितलं.

कंपनीने दिली, आणि ती वर्तमानपत्रात छापूनही आली. त्यात होतं, शेवटचा ब्रेक दाबला तेव्हा वेग ताशी ११८.५ किलोमीटर होता, ब्रेक लागले, आणि टक्कर झाली तेव्हा वेग ४८.५ वर आला होता. बाई म्हणाली, एक तर ही नोंद पूर्ण नाही, आणि दुसरं, मला न विचारता ती जगापुढे मांडायचा हक्क तुम्हाला कुणी दिला? कंपनीने तिच्यावर बदनामीचा दावा लावला. २०२४ मध्ये शांघायच्या न्यायालयाने तिलाच माफी मागायला आणि भरपाई द्यायला सांगितलं. नोंद मिळावी म्हणून टपावर चढली, ती तिच्या हाती नीट यायच्या आधी सगळ्या देशाने वाचली.