उंबरे गेले, वास राहिला

जुन्या मराठी दानपत्रांत एक ठरीव सूत्र येते: जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप. जमिनीबरोबर नव्या धन्याकडे काय काय जाते त्याची ही मोजदाद. विहिरीचे पाणी जाते, आंबा जातो, जमिनीत पुरलेला हंडासुद्धा जातो. जनावराचे मात्र नाव नाही. गाय-बैल जुन्या धन्यामागे निघून जात आणि मागे रिकामा गोठा राही. त्याचा वास लपवायचे कुणाला कारण नव्हते. शेण म्हणजे खत, शेण म्हणजेच सारवण. आज फ्लॅट विकायला काढणारा माणूस दारावरचे नखांचे ओरखडे लांबी भरून मिटवतो, पडदे धुतो, फरशीचे सांधे घासून काढतो आणि गिऱ्हाईक यायच्या दिवशी कुत्र्याला बहिणीकडे धाडतो. लोकांची नाके नाजूक झाली, असे याचे कारण सहसा सांगितले जाते. मला ते पटत नाही. नाके तीच आहेत, बदलला तो घराचा आराखडा.

जुन्या घरात प्राण्यांना मज्जाव नव्हता, पण प्रत्येकाची हद्द ठरलेली होती. गुरे गोठ्यात, कुत्रा अंगणात किंवा फार तर ओसरीच्या पायरीशी. मांजराला स्वयंपाकघरापर्यंत वाट मोकळी, कारण उंदीर तिथेच. पिल्लांना सात घरे फिरवणारी ही बया हद्दी पाळत नसे, पण तिच्याबद्दल तक्रारही नसे. यावर कुणी म्हणेल, मग सोवळ्याच्या घरात कुत्र्याला विटाळ का मानत? मानत, हे खरेच. आणि जुने घर प्राण्यांवर आजच्यापेक्षा अधिक प्रेम करत होते असा माझा दावाही नाही. दावा एवढाच, की अंगण, ओसरी, माजघर अशा उंबऱ्यांच्या उतरंडीमुळे वास आणि केस आपोआप बाहेरच्या बाहेर अडत. जमीन मातीची असल्याने आत आलेली घाणही सारवणाखाली जाई. दर काही दिवसांनी जमीन नवी होत असे.

ही उतरंड शहरात मोडली. १८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आढळला. डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला. त्यानंतर चुना फासणे, कार्बोलिकने घरे धुणे, कौले काढून ऊन आत घेणे हे सरकारी उपाय झाले. घर ‘निर्जंतुक’ दिसले पाहिजे ही कल्पना तेव्हा सक्तीने घरात शिरली, आणि विक्रीपूर्वीच्या रंगसफेदीत मला तिचाच वारसा दिसतो. तरीही प्लेगने प्राण्यांना सरसकट घराबाहेर काढले असे म्हणता येत नाही. वैद्यकीय सेवेतील अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी तर १९०८ साली प्लेगवर उपाय म्हणून मांजरे पाळण्याचाच पुरस्कार केला होता. दुधाची जनावरे शहराबाहेर नेण्यासाठी १९४९ साली आरे वसाहत उभी राहिली. दरम्यान, १९१५ साली गावदेवीत सारस्वतांची सहकारी गृहसंस्था निघाली होती. पुढे फ्लॅट हीच मध्यमवर्गाची मालमत्ता झाली. फ्लॅटला ना ओसरी, ना परस. कुत्रा थेट दिवाणखान्यात आला. लाडाने आला हे खरे, पण त्याला ठेवायला दुसरी जागा उरलीच नव्हती हेही खरे.

कायद्याने पाळणाऱ्याची बाजू काहीशी सावरली आहे: सोसायटीने पाळीव प्राण्यांवर बंदी घालू नये, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली बजावले. बाजाराला हे लागू नाही. काहींना दम्याचा किंवा ॲलर्जीचा त्रास असतो, तेव्हा गिऱ्हाइकाचे नाक मुरडणे निव्वळ नखरा समजू नये. म्हणून घर स्वच्छ करणे आणि दोष झाकणे यांत फरक केला पाहिजे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमानुसार, साधी काळजी घेऊनही खरेदीदाराला कळणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगायचा असतो. ओरखडे डोळ्यांना दिसतात. लाकडात मुरलेले मांजराचे मूत्र दिसत नाही. मे महिन्यात उदबत्तीच्या वासाखाली ते दबते आणि जुलैच्या दमट हवेत पुन्हा उठते, तोवर खरेदीखताची नोंदणी होऊन गेलेली असते.