कूतचा वेढा, दोन फूट फळीवर



लहानपणी दिवाळीत किल्ला केला नाही, असा मनुष्य या मंडपात क्वचितच सापडेल. विटा-दगडांचा ढीग रचावा, त्यावर गोणपाट टाकून चिखल लिंपावा, हळीव पेरावेत आणि वरच्या सपाटीवर महाराजांना सिंहासनावर बसवावे, हा आपला परिपाठ. गुहेतला वाघ पहारेकऱ्याच्या दुप्पट असतो आणि विहीर बालेकिल्ल्यापेक्षा मोठी असते. पण त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही. १९६१ साली, मी अकरा वर्षांचा असताना, आमच्या परसात मी असाच एक किल्ला केला आणि खडूने पाटी लिहून त्यावर लावली : 'कूतचा किल्ला'. माझे आजोबा पहिल्या महायुद्धात कूतच्या वेढ्यात होते, एवढे घरात सर्वांना ठाऊक होते. त्या किल्ल्याला मी सात बुरूज केले होते, चोरदरवाजा केला होता आणि सर्वांत उंच बुरुजावर आजोबांना तलवार देऊन उभे केले होते. आजोबा काठी टेकीत आले, बराच वेळ पाहत राहिले आणि "असा नव्हता," एवढेच म्हणून आत गेले. मग कसा होता, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. तीन वर्षांनी ते वारले.

शाळेतली नोकरी संपल्यावर हातात वेळ आला तेव्हा ते दोन शब्द पुन्हा आठवू लागले. मनात आले, की तो किल्ला एकदा जसा होता तसा करावा. दोन फूट लांब, दीड फूट रुंद अशी सागवानी फळी घेतली, शाडू आणली आणि कामाला लागलो. हे काम एका पावसाळ्यात उरकेल असे वाटले होते. त्याला चार वर्षे लागली, आणि त्यांतली बरीचशी वाचण्यात गेली.

कूतची हकीगत थोडक्यात सांगतो. १९१५ च्या नोव्हेंबरात मेजर-जनरल टाऊनशेंड यांच्या हाताखालची सहावी डिव्हिजन तिग्रिस नदीच्या काठाने बगदादवर चालून जात होती. या डिव्हिजनला पुणे डिव्हिजन म्हणत. शांततेच्या काळात तिचे मुख्य ठाणे पुण्यास असे. तेसिफोन येथे, बगदाद वीस-बावीस मैलांवर राहिले असता, तुर्कांनी तिला अडवले. फार माणसे पडली, आणि उरलेले सैन्य माघार घेत ३ डिसेंबरला कूत-अल-अमारा या गावी येऊन थांबले. ७ डिसेंबरला वेढा पूर्ण झाला. तेथे तिग्रिस घोड्याच्या नालासारखे वळण घेते. त्यामुळे तीन बाजूंना नदी आणि चौथ्या बाजूस, उत्तरेला, खणलेले खंदक अशी ती जागा होती. खंदकांच्या ईशान्य टोकाला, नदीच्या काठी, तो 'किल्ला' होता. वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या. आजोबा १०३ मध्ये, म्हणजे १७६८ साली उभारलेल्या जुन्या जंगी पलटणीत होते. सोडवणुकीसाठी खालून आलेल्या फौजेने जानेवारी ते एप्रिल धडका दिल्या. तिची वीस हजारांहून अधिक माणसे जायबंदी झाली किंवा मेली, पण वेढा उठला नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी टाऊनशेंड शरण गेले आणि सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली.

आता किल्ल्याकडे वळतो. वेढ्यातल्या गोऱ्या अंमलदारांनी पुष्कळ आठवणी लिहिल्या आहेत. मेजर सँडिज या इंजिनिअरांच्या पुस्तकाचा मला विशेष उपयोग झाला, कारण इंजिनिअर मनुष्य कोठे काय होते हे सांगितल्यावाचून राहत नाही. हिंदी लोकांपैकी लिहिणारे फारच थोडे. बंगाल अँब्युलन्स कोअरमधले शिशिर सर्वाधिकारी यांनी बंदिवासातही टिपणे राखली आणि ती सुमारे चाळीस वर्षांनी बंगालीत पुस्तकरूपाने आली. मराठा शिपायाने लिहिलेले असे पुस्तक माझ्या हाती लागले नाही. या सगळ्यांतून किल्ला पुढे उभा राहिला तो असा : मातीच्या भिंतींचे एक आवार. कोपऱ्यांना बुरुजासारखे फुगवटे, बस्स. आपल्याकडे ज्याला गढी म्हणू, तिच्याही खालची पायरी. तोफेपुढे त्या भिंती ढासळत, म्हणून माणसे भिंतीवर उभी न राहता जमिनीत खणून बसत. आजोबांच्या त्या दोन शब्दांचा पहिला अर्थ मला तेव्हा कळला. सात बुरूज तर नव्हतेच, आणि उंचावर उभा राहिलेला मनुष्य त्या ठिकाणी घटकाभरही जगला नसता.

प्रतिकृती करणाऱ्याला ही एक मोठी अडचण असते. कागदावर 'किल्ल्यात घनघोर लढाई झाली' असे लिहून पुढे जाता येते. फळीवर मात्र भिंत किती उंच, दार कोणत्या बाजूस, माणसाचे तोंड कोणीकडे, त्याच्या पायांत काय, हे सर्व ठरवल्यावाचून बोट हलत नाही. मी माणूस दीड इंचाचा धरला, म्हणजे खऱ्याच्या सुमारे चव्वेचाळीसावा हिस्सा. त्या मापाने सगळा किल्ला करायचा तर माझी खोली पुरली नसती. तेव्हा एक कोपरा निवडणे भाग होते, आणि त्याहून कठीण म्हणजे एक दिवस निवडणे भाग होते.

या बाबतीत माझ्यापुढे एका थोर कारागिराचे उदाहरण होते. विल्यम सीबोर्न नावाच्या ब्रिटिश लेफ्टनंटाकडे १८३० साली वॉटर्लूच्या रणभूमीची प्रतिकृती करण्याचे काम आले. हा गृहस्थ आठ महिने त्या रणभूमीवरच्या शेतवाडीत जाऊन राहिला, एकेक उंचवटा मोजला आणि हयात असलेल्या अंमलदारांना पत्रे पाठवून विचारले, की संध्याकाळी सातच्या सुमारास तुमची पलटण नेमकी कोठे होती आणि समोर कोण होते? त्या उत्तरांतून सत्तर हजारांवर धातूच्या बाहुल्या बसवून त्याने १८३८ साली लंडनला प्रदर्शन भरवले. ती प्रतिकृती आजही तेथील राष्ट्रीय सैन्य संग्रहालयात आहे. पण गंमत पुढेच आहे. मदतीस आलेल्या प्रशियन सैन्याला सीबोर्नने पत्रांच्या आधारे बरीच ऐसपैस जागा दिली होती. ती ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांना रुचली नाही, आणि पुढे सीबोर्नने त्या प्रशियन बाहुल्यांपैकी पुष्कळशा काढून टाकल्या. छापलेला मजकूर खोडला तर खोडल्याची खूण राहते. बाहुली उचलली की खाली नुसते रंगवलेले गवत राहते. सीबोर्नच्या या कृतीचा मी त्या वेळी मनातल्या मनात बराच धिक्कार केला होता, हे आताच सांगून ठेवतो.

प्रथम मी २४ डिसेंबर १९१५ चा दिवस घेतला. त्या दिवशी तुर्की तोफांनी किल्ल्याची भिंत फोडली, त्यांची माणसे ईशान्येच्या बुरुजात शिरली, आणि आत असलेल्या पलटणींनी, त्यांत १०३ वी होतीच, हातघाईची लढाई करून रात्री त्यांना मागे रेटले. देखावा झकास जमला. कापसाचा धूर, तांब्याच्या तारेच्या संगिनी. पाहुणे येत आणि वाहवा करीत. मला मात्र काही केल्या समाधान होईना. जवळजवळ पाच महिन्यांच्या वेढ्यात असे दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे सारे दिवस थंडीचे, पुराच्या पाण्याचे आणि उपासमारीचे. एके दिवशी सकाळी मी तो सगळा देखावा खरवडून काढला आणि १९१६ च्या एप्रिलचा मध्य घेतला.

त्या दिवसांत पीठ माणशी चार-पाच औंसांवर आले होते. तेही गव्हाचे नव्हे; जवाचे. दळायला जाती पुरेनात, तेव्हा विमानांतून जात्याचे दगड खाली टाकण्यात आले. १५ एप्रिलपासून विमानांनी धान्याची पोतीही टाकली. वेढ्यात अडकलेल्या सैन्याला आकाशातून रसद पोचवण्याचा जगातला हा पहिलाच प्रयत्न समजतात. पण इतक्या तोंडांना तो पुरणे शक्य नव्हते, आणि काही पोती नदीत गेली. पोत्याला मी सुतळीचे शिवण घातले आहे.

आणि घोडे. तोफखान्याचे घोडे व खेचरे मारून त्यांचे मांस शिध्यात दिले जाई. गोऱ्यांनी ते आधीपासून खाल्ले. हिंदी शिपायांनी, हिंदूंनी तसेच मुसलमानांनी, महिनोन् महिने त्याला हात लावला नाही. याचा परिणाम वैद्यांनी नोंदून ठेवला आहे. मैद्याच्या पावावर राहिलेल्या गोऱ्यांना बेरीबेरी झाली, ती जवाचे पीठ मिळाल्यावर हटली. मांस न खाणाऱ्या हिंदी शिपायांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले, जुन्या जखमा उघडू लागल्या, म्हणजे स्कर्व्ही झाली. माणसे खंदकाच्या कडेचा पाला खुडून शिजवीत. टाऊनशेंड यांनी बिनतारी यंत्राने हिंदुस्थानातल्या धर्माधिकाऱ्यांकडून अनुज्ञा मागवली आणि ती सैन्याला वाचून दाखवली. तरीही बरेच दिवस कोणी हलेना. शेवटी एप्रिलच्या मध्यापर्यंत हजारो हिंदी शिपाई ते मांस खाऊ लागले.

यांत आजोबा होते काय?

आमचे कुलदैवत खंडोबा. देव घोड्यावर बसणारा. आमच्या घरी मटण वर्ज्य नाही. पण घोडा म्हणजे देवाचे वाहन, दसऱ्याला त्याच्या कपाळी कुंकू लागते. आमच्या आत्या नव्वदी ओलांडलेल्या आहेत, त्या माझ्याजवळच असतात. फळीवर मी चूल मांडली, तिच्यावर पातेले ठेवले आणि बाजूला सोललेले खेचर टांगले, तेव्हा त्या म्हणाल्या, "ते भांडं काढ. बाबांनी घोडा खाल्ला नाही. पाला खाऊन राहिले."

"तुम्हांला कोणी सांगितलं?"

"आईनं."

"आणि आजीला?"

आत्या उत्तर न देता माळ ओढीत बसल्या. त्या रात्री मी पातेले खरोखरच काढले. सीबोर्नला नावे ठेवणारा मी, घरातल्या एका म्हाताऱ्या बाईच्या नजरेखाली एका दिवसात वाकलो.

मग एक जुनी गोष्ट आठवली. चंपाषष्ठीला आमच्याकडे तळी भरतात. ताम्हनात खोबरे-भंडारा घेऊन पाच पुरुषांनी ती 'येळकोट येळकोट' म्हणत उचलायची. घरात आजोबा, वडील आणि दोघे काका, शिवाय मी जाणता झालो होतो, असे बरोबर पाच; तरी दर वर्षी शेजारचा एक गडी बोलावीत. आजोबा त्या वेळी ओसरीच्या खाली, अंगणात उभे असत. तळीला त्यांनी हात लावलेला मी पाहिला नाही. आम्ही मुले समजत होतो की त्यांना वाकवत नाही. हा काही पुरावा नव्हे. गुडघे खरोखरीच दुखत असतील. पण हे मी आत्यांना सांगितले तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "गडी दर वर्षी यायचा खरा."

पातेले मी परत ठेवले. चुलीजवळ जाते आहे, जात्याशी दोन माणसे आहेत, त्यांतले एक आजोबा. लष्करात भरती झाल्या वेळचा त्यांचा फोटो आमच्याकडे आहे, त्यात ते चांगले धिप्पाड दिसतात. मी त्यांच्या फासळ्या सुईने कोरल्या. आत्यांनी भिंग मागून घेतले, वाकून पाहिले आणि "एवढे वाळले होते?" असे विचारले. मी म्हटले, "सगळेच." पुढे त्यांनी पातेल्याचे नाव काढले नाही.

शरणागतीनंतर टाऊनशेंड साहेबांना इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. शिपायांना वाळवंटातून चालवीत नेले, आणि हिंदी कैद्यांपैकी पुष्कळांना रास-अल-ऐन येथे बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपले. त्यांतले हजारो परतले नाहीत. आजोबा १९१९ मध्ये घरी आले. त्या तीन वर्षांची प्रतिकृती करण्याचे वय आता माझे राहिलेले नाही.

गेल्या चंपाषष्ठीला तळी उचलण्याच्या वेळी घरात आम्ही चौघेच पुरुष होतो. मी शेजारी निरोप पाठवणार, तोच आत्यांनी थांबवले. भिंतीवरचा आजोबांचा फोटो काढायला लावला, स्वतःच्या पदराने पुसला आणि ताम्हनाच्या पाचव्या बाजूस पाटावर ठेवला.

ती फळी आज मी बरोबर आणली आहे. मंडपाच्या डाव्या हातास, पुस्तकांच्या टेबलाशेजारी ठेवली आहे. दिवा मुद्दाम खाली लावला आहे, तेव्हा जरा वाकून पाहावे लागेल. मुलांना जवळून पाहू द्या, मात्र हात लावू देऊ नका. शाडू फार ठिसूळ असते, आणि खेचराचा एक पाय येतानाच मोडला आहे.