स्टीलच्या काट्याचं मोल कसं करायचं?

ब्रिटिश चांदीच्या चमच्याचं मोल करणं त्या मानानं सोपं. परीक्षण कार्यालयाची छाप पाहायची, वजन करायचं, भाव लावायचा. स्टेनलेस स्टीलचा काटा हातात आला की मात्र आपण अडतो. वजनाला भंगाराची किंमत. आणि '१८/८' हा आकडा तर कारखानदारानं स्वतःच ठोकलेला.

मग बरेच जण खिशातून लोहचुंबक काढतात. चिकटला तर हलका माल, नाही तर अस्सल. ही परीक्षा आपण जरा तपासू. १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल असलेल्या पोलादाला चुंबक फारसा धरत नाही, १८/० ला धरतो. इथवर ठीक. पण सुरीचं काय? १९१३ साली शेफिल्डमध्ये हॅरी ब्रेअर्लीनं न गंजणारं पोलाद ओतलं, त्यात क्रोमियम सुमारे १३ टक्के होतं आणि त्याला पाणी देऊन कडक करता येत होतं. आजही चांगली पाती बहुधा त्याच घराण्यातली, कारण १८/८ वर धार टिकत नाही. म्हणजे उत्तम सुरीला चुंबक चिकटणारच!

आता आर्ने याकोबसेनचा 'एजे' संच घ्या. १९५७ चा, कोपनहेगनच्या एसएएस रॉयल हॉटेलसाठी आखलेला. काट्याचे दात अगदी आखूड. जुन्या नगांवर 'ए. मिकेल्सन', नंतरच्यांवर 'जॉर्ज जेन्सन'. आराखडा एकच, काळ सांगतो तो ठसा. (१९६८ च्या '२००१: अ स्पेस ओडिसी' चित्रपटात हेच काटे-चमचे आहेत, भाव चढण्यात त्याचाही हात असावा असं आम्हाला वाटतं.)

तेव्हा आधी दांडा उलटा करून भिंगानं ठसा वाचा, मग पात्यावर गंजाचे खड्डे शोधा. चुंबक शेवटी, तोही सुऱ्या बाजूला ठेवून.