करवंटीची खडी आणि आग : प्रस्तावना

खडीऐवजी नारळाची करवंटी फोडून घातली तर काँक्रीट होतं का? होतं, आणि हलकंही होतं. नेहमीच्या काँक्रीटचं वजन घनमीटरला सुमारे २४०० किलो असतं. सगळी खडी करवंटीची केली तर ते २००० किलोच्या आसपास उतरतं. मुंबईतल्या प्रभादेवी ते लालबाग या नारळ फोडणाऱ्या पट्ट्यात ही कल्पना कुणालाही आवडेल. मात्र या विषयात शिरणाऱ्याने ताकदीच्या आधी आगीचं विचारावं. २२ ऑक्टोबर २०२१ रोजी करी रोडच्या वन अविघ्न पार्क या इमारतीत १९व्या मजल्यावर आग लागली. इतक्या उंचीवरून माणसं उतरेपर्यंत खांबांनी तग धरायचा असतो.

मुंबईचा काळा दगड, म्हणजे बसाल्ट, आगीत बराच सोशिक. क्वार्ट्‌झची खडी ५७३ अंश सेल्सिअसला स्फटिकरचना बदलते आणि फुगते. बसाल्टमध्ये क्वार्ट्‌झ जवळपास नसतोच. करवंटी मात्र शेवटी लाकडाच्याच जातीची. साधारण २२० अंशांपासून तिच्यातलं हेमिसेल्युलोज विघटित होऊ लागतं, ४०० पर्यंत सेल्युलोजही संपत येतं. चाचणीसाठी भट्टीत तापवलेला अशा काँक्रीटचा ठोकळा (क्यूब) फोडून पाहा : सिमेंटची खोबण शाबूत, आत करवंटीच्या जागी कोळशाची कपची, भोवती काळी कड. शिवाय करवंटी पाणी फार पिते, म्हणून ती आधी भिजवून घालतात. आगीत त्याच पाण्याची वाफ कोंडते.

सिमेंटचंही बिघडतंच. ४०० ते ५०० अंशांत त्यातलं कॅल्शियम हायड्रॉक्साइड पाणी सोडतं आणि चुना उरतो. बंबाचं पाणी पडलं की तो पुन्हा फुगतो. त्यामुळे नमुना हवेत थंड केला की पाण्यात, हे न सांगणारे ताकदीचे तक्ते मी बाजूला ठेवतो. तापवण्याचा वेगही पाहावा. प्रयोगशाळेत बहुधा सावकाश तापवतात. प्रमाणित अग्निचाचणीत अर्ध्या तासात ८४० अंश गाठले जातात.

करवंटीसारखाच टाकाऊ माल म्हणून भाताच्या तुसाची किंवा उसाच्या चिपाडाची राख या चर्चेत ओढू नये. ती सिमेंटमध्ये मिसळतात आणि ती आधीच जळून आलेली असते.

खांबात, तुळईत करवंटी नको, असं माझं मत. गच्चीवरच्या भरावात तिला वाव आहे : उष्णता कमी वाहते, स्लॅबवर भार कमी पडतो आणि मे महिन्यात वरच्या मजल्याला थोडा दिलासा मिळतो. तिथेही एक काम उरतंच. भरावात अडकलेला तो कोळसा, ज्वाळा विझल्यावर, किती वेळ आतल्या आत धुमसतो, हे मोजायला हवं.