शेषजाती

खर्चाच्या शाब्दिक उदाहरणांचा एक प्राचीन प्रकार. यात पहिल्यानंतरचा प्रत्येक खर्च मूळ रकमेचा नव्हे, तर आधीच्या खर्चानंतर उरलेल्या रकमेचा अपूर्णांक असतो. शेवटी उरलेल्या पैशांवरून मूळ रक्कम काढायची असते. कर्नाटकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळी महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त हा प्रकार हाताळला. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील (११५०) यात्रेकरू तर फार जिवंत आहे: निम्मे पैसे प्रयागला, उरलेल्यांतले दोन नवमांश काशीला, त्या शेषाचा चौथा भाग वाटेतल्या जकातीत आणि नंतरच्या शेषाचे सहा दशमांश गयेला देऊन तो ६३ निष्क नाण्यांनिशी घरी परततो. रीत इष्टकर्माची, म्हणजे सोयीची रक्कम मानून पाहण्याची. ६० निष्क होते असे मानले, तर ७ उरतात. ६३ म्हणजे त्याची नऊपट, म्हणून मूळ रक्कम ५४०. बीजगणितात हीच अज्ञात राशी ‘यावत्तावत्’ होते, आजचा ‘क्ष’.

मुले चुकतात ती ‘उरलेल्या’ या शब्दावर. समजा, बंगळूरच्या अॅव्हेन्यू रोडवर निम्मे पैसे जुन्या पुस्तकांत गेले, उरलेल्यांचा तिसरा भाग डोशात आणि २०० रुपये राहिले. तिसरा भाग मूळ रकमेचा धरला, तर १२०० हे चुकीचे उत्तर येते. खरे समीकरण असे: क्ष × १/२ × २/३ = २००. म्हणून क्ष = ६००. ताळा उलट्या वाटेने करावा: २०० मध्ये डोशाचे १०० मिळवून ३०० आणि त्याची दुप्पट ६००.